दोघांत एक रजा

माझं काम लोकांना थांबवण्याचं आहे. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन यार्डात मी सेफ्टी ऑफिसर आहे. क्रेनला लटकलेल्या मालाखाली कोण उभा आहे, उंचावर चढलेल्या कुणी कमरेच्या पट्ट्याचा हुक अडकवलेला नाही, परांचीची कुठली फळी हलते आहे, हे दिवसभर बघत हिंडायचं आणि दिसलं की बोंब मारायची. "स्टॉप! खलास! उतर खाली!" एवढं ओरडता आलं की हे काम कुणालाही जमेल, असं आमच्या वेल्डरांचं मत आहे. बायको म्हणते, हॉटेलात जेवायला गेलो तरी हा आधी छताकडे बघतो. बघतोच. डोक्यावर काय टांगलंय याची चौकशी न करता लोकांच्या घशाखाली घास कसा उतरतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

आमच्या यार्डात सेफ्टीवाले दोघेच. दुसरा त्रिनिदादचा. तिकडे तेलाच्या प्लांटवर काम करून इकडे आलेला, उंच, रुंद खांद्यांचा आणि साधं चालतानाही थोडा डुलणारा. नवीन आला तेव्हा यार्डातल्या मुलांनी परस्पर त्याला आफ्रिकेचा ठरवून टाकला. त्याने खडूने जमिनीवर समुद्र काढला, त्यात एक ठिपका दिला आणि म्हणाला, हे माझं घर. तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अरे, वेस्ट इंडीज!" मग काय, जो तो त्याच्याशी क्रिकेट बोलायला धावू लागला. त्याला क्रिकेटमध्ये काडीचा रस नव्हता. त्याला रस होता तो फक्त सोकामध्ये, म्हणजे त्यांच्याकडच्या नाचाच्या गाण्यांत.

नियम असा की आम्हा दोघांपैकी एकजण यार्डात असलाच पाहिजे. तो नसला तर मी, मी नसलो तर तो. म्हणजे दोघांत मिळून एका वेळी रजा एकच. मी त्याला जोडीदार म्हणतो ते त्याचमुळे. बायकोच्या माहेरी कधी कुणाचं लग्न आहे हे मी विसरेन, पण जोडीदाराच्या घरची लग्नं-बारशी मला तोंडपाठ असतात, कारण त्याची रजा म्हणजे माझी कोंडी.

यार्ड एवढं मोठं की राउंड मारायला आम्हाला एक पिकअप दिलेली आहे. ती चालू केली की पहिल्यांदा गाणं सुरू व्हायचं आणि मग इंजिन. पहिल्या दिवशी मी त्याला विचारलं, "हे गाणं आहे की फायर अलार्म?" इतकं भरधाव, की गाणाऱ्याला मागून कुणी कुत्रं लावलंय असं वाटावं. त्यात ठणठण असा एक लोखंडी आवाज सतत चाललेला. मी म्हटलं, हा तर आपल्या यार्डातला आवाज आहे. तो हसला आणि म्हणाला, बरोबर, हे लोखंडच आहे. त्यांच्याकडे गाडीचा जुना ब्रेक ड्रम हातात धरून लोखंडी कांबीने वाजवतात आणि सगळा मेळा त्या ठोक्यावर चालतो. दुसऱ्या दिवशी त्याने भंगारातून एक ब्रेक ड्रम उचलून आणला आणि चहाच्या सुट्टीत वाजवून दाखवला. मी त्याला हातमोजे घालायला लावले.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. या गाण्यांत हुकूमच फार. हात वर करा, उड्या मारा, रुमाल फिरवा, शेजारच्याला धरा. आणि लोक ते ऐकतात! मी दिवसभर घसा फोडतो, "हेल्मेट घाल रे बाबा," तर कुणी ढुंकून बघत नाही. आणि हा माणूस कुठल्याशा बेटावरून नुसता ओरडतो, तर अर्धं जग हात वर करतं. मला त्याचा चक्क राग आला.

पण गुडघा हलत होता. पिकअपमध्ये डॅशबोर्डखाली माझा उजवा गुडघा मला न विचारता हलत होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत वरातीला जी बँजो पार्टी येते, ती रंगात आली की जो ठेका धरते, त्याचा हा सख्खा नाही तरी चुलतभाऊ होता. मी हे त्याला बोललो नाही. बोललो असतो तर त्याने आवाज आणखी वाढवला असता.

घरी एकदा भांडी घासताना मी ते गुणगुणत होतो. मुलगी दहावीला, पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बाबा, दॅट्स सोका. एव्हरीवन नोज सोका." तिच्या वर्गात केरळची, लेबनॉनची, फिलिपिन्सची मुलं आहेत आणि ती सगळी त्यावर नाचून व्हिडिओ टाकतात म्हणे. म्हणजे जगात ही बातमी मलाच शेवटी कळली होती.

थंडीत जोडीदार मला दुबईला एका फेटला घेऊन गेला. फेट म्हणजे त्यांची सोकाची पार्टी. समुद्राकाठच्या हॉटेलचं लॉन, एका बाजूला तात्पुरतं स्टेज, गळ्यात-डोक्याला वेगवेगळ्या देशांचे झेंडे बांधलेले लोक. मला वाटलं होतं, दोन-चार बेटांची माणसं जमतील आणि आपल्या मंडळासारखं स्नेहसंमेलन होईल. तिथे नायजेरियन होते, गोरे ब्रिटिश होते, फिलिपिनो बायकांचा मोठा घोळका होता आणि पुढच्या रांगेत एक मल्याळी माणूस त्रिनिदादचा झेंडा कमरेला गुंडाळून असा काही कंबर हलवत होता की त्याच्या सात पिढ्या तिकडेच गेल्या असाव्यात. स्टेजवरून हुकूम सुटला, "जंप!" आणि सगळं लॉन एकदम वर गेलं नि खाली आलं.

मी मात्र स्टेजच्या पाइपाला धरून उभा. एवढे लोक एकाच वेळी उड्या मारताहेत, याचे सांधे कुणी तपासलेत का? बाहेर पडायचे रस्ते किती? जनरेटरची वायर गवतात उघडी पडलेली. मी तिथल्या पोराला शोधून ती वायर झाकायला लावली. जोडीदार घामाने निथळत आला आणि म्हणाला, "तू कधीतरी ड्यूटी संपवतोस का?" मी म्हटलं, आमच्याकडे शिमग्याला ये, तिथे बघ मला. हे मी बोललो खरं, आणि त्याने लगेच विचारलं, शिमगा म्हणजे काय. आजवर रजा मागताना मी त्याला नुसतं गावचा सण एवढंच सांगितलं होतं.

परतताना शारजाच्या जॅममध्ये गाडी अडकली, त्यामुळे मला सविस्तर सांगायला भरपूर वेळ मिळाला. फाल्गुनात आमच्या गावदेवीची पालखी देवळातून बाहेर पडते आणि घरोघर जाते. एरवी आपण देवीकडे जायचं, त्या दिवसांत ती आपल्याकडे येते. ढोल वाजतात, माणसं पालखी खांद्यावर घेऊन नाचवतात. घरची बाई ओटी भरते. पण त्याआधी घरच्या पुरुषाने बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, जाऊन पालखीला खांदा द्यायचा आणि तिला अंगणात आणायची. तो मान घराचा. घर बंद असलं तर पालखी कुंपणाशी क्षणभर थांबते, ढोलही थांबतो आणि मग सगळे पुढे जातात. ते ढोल थांबणं गावात सगळ्यांना ऐकू जातं.

आमचं घर आता एरवी बंदच असतं. आई अंगणात पडली, तेव्हापासून ती खेडला ताईकडे राहते. वडील नाहीत, भाऊ मला नाही. वर्षभर आई काही मागत नाही. साडी नको, मोबाइल नको, दुबईचा खजूरसुद्धा नको. तिला एकच पाहिजे असतं, पालखीच्या दिवशी आपल्या घराच्या ओटीवर बसायचं आणि लेकाने पालखी अंगणात आणलेली बघायची. तेवढ्यासाठी मी दरसाल जातो, घर उघडतो, झाडतो, अंगण सारवून घेतो आणि ताई आईला रिक्षाने घेऊन येते.

जोडीदार सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे तुमचा कार्निव्हल."

मी म्हटलं, "कार्निव्हल नाही रे. देव आहे."

"तेच," तो म्हणाला.

त्याचा कार्निव्हलही त्याच सुमाराला येतो, कधी फेब्रुवारीत, कधी मार्चमध्ये. आदल्या वर्षी आमच्या तारखा एकमेकींवर आल्या, तेव्हा त्याने तिकडे जायचं रद्द केलं होतं आणि मी शिमग्याला गेलो होतो. म्हणून या खेपेला पहिला हक्क त्याचा. जानेवारीत कंपनीला रजांचा तक्ता द्यावा लागतो. मी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघितलं, होळी शोधली आणि होळीपासून पुढची रजा मागितली, कारण आमच्या वाडीत पालखी होळीनंतर येते हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. जोडीदाराने त्याआधीची घेतली. तो परत यायचा आणि मी निघायचं. दोघांचं भागलं. मी आईला फोन करून सांगूनही टाकलं.

आता, ही चूक आमच्याकडचाच माणूस करू जाणे. कंपनीला तारीख जानेवारीत लागते. देवी आपली तारीख जानेवारीत सांगत नाही. पालखीने कुठल्या वाडीत कधी जायचं, हे मानकऱ्यांच्या बैठकीत ठरतं आणि ती बैठक शिमगा तोंडावर आल्यावर भरते. वर्षानुवर्षं तोच क्रम ठरतो म्हणून मी गृहीत धरला. यंदा बैठकीत ठरलं की आमच्या वाडीकडचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, होळीनंतर नव्याने बांधायला तोडणार, तेव्हा पालखी आधी आमच्याकडे आणायची. गावाच्या ग्रुपवर हे आलं तेव्हा मी यार्डात एका टाकीच्या शिडीवर होतो. खाली उतरलो आणि तारीख पुन्हा वाचली. ती जोडीदाराच्या रजेच्या बरोबर मध्यावर होती.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. झोप नाही. जेवणावर लक्ष नाही. बायकोला पाठवावं म्हटलं तर मुलीची बोर्डाची परीक्षा. मॅनेजरकडे गेलो, बदली माणूस मागितला. तो म्हणाला, "इन्शाल्ला, बघू," आणि इथे राहणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. उरला जोडीदार. त्याला सरळ विचारायचं माझ्या जिभेवर येईना. मी आडून आडून बोलू लागलो. तिकिटं फार महाग झाली नाहीत का, एवढा लांबचा प्रवास, शिवाय यंदा दुबईतली फेट किती छान झाली, आणखी काय पाहिजे माणसाला. तो हो-हो म्हणायचा आणि आवाज वाढवायचा.

शेवटी एकदा दुपारी पिकअपमध्ये मी गाणं बंद केलं आणि सगळं सांगितलं. साकव, बैठक, आई, बंद दार. म्हटलं, तू या वेळी राहशील का?

त्याने गाडी बाजूला घेतली. विचार केला. मग म्हणाला, "नाही."

एवढंच. सॉरी नाही, बघतो नाही. आपल्याकडे माणूस नाही म्हणायच्या आधी चार वळणं घेतो, याने एकही घेतलं नाही. मला इतका संताप आला की मी दार आपटून खाली उतरलो आणि भर उन्हात चालायला लागलो. तो मागून हळूहळू गाडी घेऊन आला. म्हणाला, बस. मी बसलो नाही. मग तो खिडकीतूनच बोलत राहिला.

त्याची मावशी तरुणपणी नर्स म्हणून लंडनला गेली. तिला कार्निव्हलला कधीच रजा मिळाली नाही. तिच्यासारख्या अनेकांना मिळाली नाही. बस चालवणारे, झाडूवाले, नर्सा, कुणालाच नाही. मग त्यांनी तिकडच्या थंडीत दारं लावून एखाद्या हॉलमध्ये नाचायला सुरुवात केली, पुढे रस्त्यावर आले. कॅनडाला गेले त्यांनी तिकडे केलं, अमेरिकेत गेले त्यांनी तिकडे. "तुझ्या मुलीच्या फोनमध्ये सोका कसा आला, माहीत आहे?" तो म्हणाला. "आमच्या लोकांना रजा मिळाली नाही म्हणून आला. सगळ्यांना वाटतं आम्ही खुशीत जगभर नाचत सुटलो. मावशी शेवटपर्यंत फोनवर रस्त्याचा आवाज ऐकत बसायची. मला फोनवर ऐकायचं नाही. मागच्या वर्षी ऐकलं."

मागच्या वर्षी, म्हणजे मी शिमग्यात नाचत होतो तेव्हा. मी गाडीत बसलो.

संध्याकाळी मी मुख्य मानकऱ्यांना फोन लावला. वडिलांच्या वयाचे गृहस्थ, त्यांना मी काका म्हणतो. म्हटलं, काका, आमच्या घरापुरती तारीख बदलता येईल का? होळीनंतर मी येतोय, साकव नसला तर आम्ही पालखी पऱ्यातून उचलून आणू. काका हसले नाहीत. म्हणाले, "माझ्या हातात काय आहे, बाबा? देवीला विचारतो." आमच्याकडे नड आली की कौल लावतात. गुरव देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. डावी पडली होती.

जोडीदार गेला. जाताना मला कडकडून मिठी मारली. मी पाठीवर थोपटलं, पण मनातून नव्हे, आणि ते त्याला कळलं असणार. लगेच रमझान लागला. कामाचे तास कमी झाले, पिकअपमधलं गाणं बंद झालं. मी एकटा राउंड मारायचो आणि त्या शांततेत जास्तच चिडचिड व्हायची. लोकांवर विनाकारण ओरडत होतो. उपास धरलेल्या एका फिटरला हेल्मेटचा पट्टा सैल म्हणून इतका बोललो की तो बिचारा रडकुंडीला आला.

जोडीदाराचे व्हिडिओ येत होते. पहाटेचा अंधार, अंगभर चिखल माखलेली माणसं, पुढे एक ट्रक आणि त्यावर भिंतीएवढे स्पीकर. तो मधोमध, डोळे मिटलेला, घसा पार बसलेला. मी रागाने बघायचं नाही म्हणायचो आणि पुन्हा पुन्हा बघायचो. ट्रकच्या चाकांपासून लोकांना दूर ठेवायला दोरी धरली आहे का, तेही बघितलं. धरली होती.

आईला मी कौलाचं सांगितलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली. मला तिच्या बरं-ची भीती वाटते. ताईलाही विचारलं, आईचं कसं चाललंय. ती म्हणाली, ठीक आहे, जेवते.

पालखी आमच्या वाडीत यायची त्या दिवशी सकाळपासून मी ताईला फोन करत होतो. आईला एकटं सोडू नकोस, एवढंच सांगायचं होतं. ती उचलत नव्हती. दुपारी सुट्टीची वेळ होत आली तरी नाही. माझ्या डोळ्यांसमोर सारखं ते कुंपण येत होतं आणि थांबलेला ढोल. आणि मग स्टोअरच्या कंटेनरमागे उभा असताना तिच्याच फोनवरून व्हिडिओ कॉल आला.

फोन शेजारच्या कुणीतरी धरला होता. आधी नुसती पायांची धूळ दिसली. मग आमचं अंगण. सारवलेलं, रांगोळी घातलेली. घराची कवाडं सताड उघडी. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत आई, डोक्यावरून पदर घेतलेली. ढोल फुटतील असे वाजत होते. बेड्याकडून पालखी येत होती आणि पुढच्या दांड्याला, कमरेला पदर खोचून, जिचे गुडघे दुखतात म्हणून जी जिना चढत नाही ती माझी ताई. पालखी हलली की ती हलत होती. तिची बट तोंडावर आली होती आणि ती मोठ्याने हसत होती. असं हसताना मी तिला तिच्या लग्नाआधी बघितलं असेन.

मी ओरडत होतो, अगं, कुणी सांगितलं, कसं काय? कुणाला ऐकू जाणार? बऱ्याच वेळाने, ओटी भरून झाल्यावर, फोन आईकडे गेला.

"तू एकच प्रश्न विचारलास," आई म्हणाली. "तारीख बदलेल का. मी ताईबरोबर देवळात गेले आणि दुसरा विचारायला लावला. लेकीने खांदा दिला तर चालेल का. गुरव कुरकुरला. असं कधी झालं नाही म्हणाला. मी म्हटलं, तुला नाही विचारत, तिला विचार."

"मग?"

"मग काय? उजवी पडली. बघता बघता पडली."

"मला सांगायचंस तरी."

"तुझा जीव तिकडे उगाच वरखाली झाला असता." माझा जीव पंधरवडाभर कुठे होता, हे तिला मी काय सांगणार? ती पुढे म्हणाली, "आता धावपळ करत जाऊ नकोस. रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तर राहू दे. दाराची सोय झाली आहे." मागून ढोल पुन्हा सुरू झाला तशी तिने मान तिकडे वळवली. "ठेव आता. पालखी निघाली."

फोन बंद झाला. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. दार उघडं होतं, ढोल थांबला नव्हता, आई हसली होती. जे मी देवाकडे, मॅनेजरकडे, जोडीदाराकडे मागत फिरलो होतो ते सगळं मिळालं होतं. तरीही मी कंटेनरला टेकून उभा राहिलो आणि हेल्मेटची काच खाली ओढून घेतली. एरवी शिमग्याला माझ्यावाचून अडायचं, यंदा अडलं नाही.

घरी आलो. बायकोला आणि मुलीला सगळं रंगवून सांगितलं, ताईच्या खोचलेल्या पदरासकट. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीने आत्याचा व्हिडिओ दोनदा बघितला, "आत्या इज अ रॉकस्टार," म्हणाली आणि मग पुस्तक पुढे ओढत सहज विचारलं, "सो यू डोन्ट हॅव टू गो एनीमोर, राइट?"

मी म्हटलं, "अभ्यास कर."